कंदीलवाला तिसऱ्या मजल्यावर का मेला

वेणीमाधव बोरामणीकर हा माणूस आठवडाभर सोलापूरच्या कोर्टात नकला विभागात बसतो आणि लोकांच्या भांडणांच्या नकला मुळाबरहुकूम आहेत, असं शिक्का मारून सांगतो. निकाल कुणाच्या बाजूनं लागला, कुणाची बांधावरची बोर गेली, कुणाला कुणापासून काडीमोड मिळाला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मूळ कागदात स्वल्पविराम असेल तर नकलेतही तो हवा, एवढंच तो बघतो. अशा माणसाला रविवारी तरी काही वेगळं करावंसं वाटेल असं आपण समजतो. पण माणसाचा रविवार हा बहुतेक वेळा त्याच्या सोमवारची सावलीच असतो. वेणीमाधव रविवारी घरी बसून जगभरातल्या लोकांनी खेळलेले जुने व्हिडिओ गेम खरे की खोटे ते तपासतो.

हे काम त्याला कुणीही सांगितलेलं नाही, असं त्याची बायको प्रभा म्हणते. हे अगदीच खरं नाही. एक वेबसाइट आहे. तिच्यावर जुन्या पार्लरमधल्या खेळांचे विक्रम नोंदवले जातात. ती चालवणारा गृहस्थ नॉर्वेत राहतो. त्याचं नाव जिभेवर नीट बसत नाही म्हणून वेणीमाधव त्याला नुसतं 'साहेब' म्हणतो. या साहेबानं एकदा विचारलं, पडताळणीला कुणी तयार आहे का, आणि वेणीमाधवनं हात वर केला. पगार नाही, भत्ता नाही. पण साहेबानं त्याला इंग्रजीत 'ऑफिसर' म्हटलं. कोर्टात इतकी वर्षं घालवून त्याला हे कुणी म्हटलं नव्हतं.

काम साधं वाटतं, पण साधं नाही. पूर्वीची कपाटाएवढी मशीनं केव्हाच भंगारात गेली. आता त्या मशीनचं हुबेहूब सोंग घेणारा एक प्रोग्राम असतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. खेळणारा त्याच्यावर खेळतो आणि खेळाचं रेकॉर्डिंग साइटकडे पाठवतो. गंमत अशी, की त्या रेकॉर्डिंगमध्ये चित्र नसतंच. खेळणाऱ्याच्या हातानं काय केलं तेवढंच असतं: आता डावीकडे, आता उडी, आता थांब. ते रेकॉर्डिंग आपल्या एम्युलेटरवर लावलं की खेळ पुन्हा पहिल्यापासून उलगडतो, जणू तो माणूस अदृश्य होऊन आपल्या खुर्चीत बसलाय. मात्र एम्युलेटरचं व्हर्जन तेच हवं. लाइट गेली की आपण आपल्या घरात अंधारात सवयीनं चालतो: थोडं सरळ, मग दार, मग उजवीकडे माठ. त्याच सवयीनं शेजाऱ्याच्या घरात चालायला गेलो तर माठ फुटतो. व्हर्जन बदललं की तसंच होतं. नव्या व्हर्जनात कुणीतरी हुशार मनुष्य सोंग आणखी हुबेहूब करण्यासाठी मशीनचं घड्याळ केसभर पुढं सरकवतो, आणि जुन्या रेकॉर्डिंगमधला बिचारा नायक जिथं शिडी नाही तिथं चढायला जातो, जिथं शत्रू नाही तिथं उड्या मारतो, आणि शेवटी भिंतीला डोकं लावून उभा राहतो.

म्हणून वेणीमाधवनं एम्युलेटरची सगळी जुनी व्हर्जनं जपून ठेवली आहेत. इतर लोक लोणच्याच्या बरण्या जपतात तशी. एकदा प्रभानं त्याच्या कॉम्प्युटरवर 'अपडेट करू का?' असा प्रश्न बघून सरळ 'हो' दाबलं होतं. प्रभा मुलींच्या शाळेत गणित शिकवते. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, अशी तिला सवय. त्या दिवशी वेणीमाधव जेवला नाही.

"अहो, नवीन चांगलं असतं म्हणून दाबलं."

"नवीन चांगलं असतं तर कोर्टात लोक जुन्या कागदाची नक्कल कशाला मागतील?"

प्रभानं वाद तिथंच सोडला, कारण भात गार होत होता.

आता मुख्य गोष्ट. वेणीमाधव एका खेळात जगात पहिला होता. लग्नकार्यात कुणी 'काय चाललंय?' असं विचारलं की तो आधी 'काही नाही, आपलं कोर्ट' म्हणायचा आणि मठ्ठा यायच्या आत विषय काढायचाच, "तसा मी एका खेळात जगात पहिला आहे म्हणा." त्या खेळाच्या यादीत सगळी मिळून माणसं बोटांवर मोजता येतील एवढीच आहेत, हे तो सांगत नसे. ते प्रभा सांगे.

खेळाचं मूळ नाव जपानी होतं आणि ते सोलापुरात कुणालाही कधी वाचता आलं नाही. सगळे त्याला 'कंदीलवाला' म्हणत. एक बुटका माणूस हातात कंदील घेऊन खाणीत मजला मजला खाली उतरतो. वरून दगड पडतात, तिसऱ्या मजल्यापासून वटवाघळं येतात. कंदील विझला की एक जीव गेला; सगळे जीव गेले की संपलं. एवढाच खेळ. आयुष्याबद्दल यापेक्षा जास्त माहिती पुढं वेणीमाधवला कुठून मिळाली, असंही नाही.

नवी पेठेत कापडदुकानांच्या मागच्या बोळात बिरप्पाचं पार्लर होतं. बिरप्पा अक्कलकोटकडचा, नाणी कानडीत मोजायचा आणि शिव्या मराठीत द्यायचा. तिथं कंदीलवाल्याचा खरा राजा होता जोतिराम सरडे. करमाळ्याकडचा हा पोरगा शिक्षणासाठी मावशीकडे राहत होता, आणि शिक्षण सोडून बाकी सगळं करत होता. तो खेळायला लागला की मागं गर्दी व्हायची. वेणीमाधव त्या गर्दीत सगळ्यात पुढं, मशीनच्या काचेला नाक लावून. दहावीनंतर जोतिरामला वडिलांनी शेतीवर बोलावून घेतलं. त्या दिवशी आपण एस.टी. स्टँडवर रडलो, असं वेणीमाधव सांगतो, आणि ते खरं आहे. त्याच आठवड्यात तो पार्लरमध्ये पहिला आला, हेही खरं आहे. आपल्याहून मोठा माणूस करमाळ्यात ठिबकच्या नळ्या विकतोय आणि म्हणून आपण पहिले आहोत, ही गोष्ट त्याला ठाऊक होती. माणूस अशा गोष्टी विसरत नाही. तो त्यांच्यावर सतरंजी टाकतो आणि वर बसतो.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी त्या सतरंजीला खालून कुणीतरी टोचलं. साइटवर कंदीलवाल्याचा नवा स्कोअर आला होता. वेणीमाधवच्या स्कोअरपेक्षा थोडाथोडका नव्हे, दीडपटीहून जास्त. पाठवणार: जोतिराम सरडे, करमाळा. पडताळणी करणार: वेणीमाधव बोरामणीकर, सोलापूर. कारण कंदीलवाला तपासू शकेल असा दुसरा ऑफिसर साहेबाकडे नव्हताच. म्हणजे ज्याची खुर्ची जाणार, त्यालाच खुर्चीचे पाय मोजायला बसवलं होतं.

त्यानं रेकॉर्डिंग लावलं. आधी सवयीनं नव्या व्हर्जनवर. कंदीलवाला पहिल्याच शिडीच्या बाजूनं हवेत चढू लागला आणि खड्ड्यात गेला. हे अपेक्षितच होतं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला त्याच्या व्हर्जनचा आकडा असतो; तो बघितला तर निघालं एक जुनं, आवाज खरखरणारं व्हर्जन. वेणीमाधवनं ती बरणी काढली आणि पुन्हा लावलं. आता पहिला मजला बरोबर. दुसरा बरोबर, नुसता बरोबर नाही, देखणा. तिसऱ्या मजल्यावर आल्याबरोबर कंदीलवाल्यानं कुणीही नसताना खाली वाकून उजवीकडून काहीतरी चुकवलं, आणि डावीकडून आलेल्या वटवाघळानं त्याचा कंदील विझवला. मग त्याचे राहिलेले जीवही असेच गेले, वेड लागल्यासारखे.

वेणीमाधव खुर्चीत मागं रेलला. व्हर्जन तेच होतं. रेकॉर्डिंग तरी जुळलं नाही. नियमानं स्कोअर बाद. त्या दुपारी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला, आणि प्रभानं ते बघून ठेवलं.

बाद करण्याआधी खेळाडूला कळवायचं, असा नियम होता. त्यानं जोतिरामला इंग्रजीत मेल लिहिला. दुसऱ्या दिवशी कोर्टात जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला.

"कोण बोलतंय?"

"कोण म्हंजे? इंग्रजीत लिवायला लागल्यावर मानसं वळखू येत न्हाईत व्हय रं, वेण्या?"

इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकून वेणीमाधवचा घास हातातच राहिला. पण तो ऑफिसर होता.

"जोत्या, मी तुला अधिकृत मेल पाठवलाय. त्याला मेलनंच उत्तर द्यायचं असतं."

"'डिअर सर' लिवलंयस त्यात. बायको म्हनली कोर्टाची नोटीस आली. माजी आई देवापुढं बसली की."

"रेकॉर्डिंग कुठल्या व्हर्जनवर केलंस?"

"दुकानातल्या कॉम्प्युटरवर जे हाय त्येच्यावर. बिलं करायचा डबा हाय त्यो, त्येला नवीन काय पचत न्हाय."

"मशीनची मेमरी पुसली होतीस? त्यात आधीच्या डावांची आठवण राहते. ती पुसूनच रेकॉर्डिंग सुरू करायचं, असं नियमात लिहिलंय."

"पुसली की. तूच लिवलंयस न्हवं तितं."

"नक्की?"

"कमळाभवानीची आन."

"मग माझ्याकडे तुझा माणूस तिसऱ्या मजल्यावर का मरतोय?"

"तुज्याकडं समदंच मरतंय, म्हनून तर कोर्टात बसलायस." जोतिराम मोठ्यानं हसला, मग थांबला. "तिसऱ्या? आरं, तितं तर माजी नात बी मरत न्हाय."

"नियम असा आहे की जुळलं नाही तर बाद करायचं."

पलीकडं कुणीतरी नळीचा भाव विचारत होतं.

"कर की बाद," जोतिराम म्हणाला. "पर त्येच्या आदी एक कर. पहिले दोन मजले परत बघ. मीच हाय का न्हाय, तेवढं सांग. बाकी तुजा नियम तुला लखलाभ."

वेणीमाधवनं घरी येऊन ते दोन मजले पुन्हा बघितले. बघायला नको होते. शिडीला हात घालायच्या आधी कंदीलवाला क्षणभर थांबत होता आणि किंचित मागं झुकत होता, उडी मारायच्या आधी बैल झुकतो तसा. ही जोतिरामची खोड. बिरप्पाच्या पार्लरमध्ये पाठमोऱ्या गर्दीतूनसुद्धा ती ओळखता यायची. जगात दुसरं कुणी असं खेळत नाही. हात जोतिरामचा होता, यात शंका नव्हती. पण नियम हात विचारत नाही.

मग तो आठवडाभर संध्याकाळी आजूबाजूची व्हर्जनं लावून बघत बसला. मनापासून नाही, कुलूप लागलेलं बघून समाधानानं दार ढकलावं, तसं. प्रत्येक व्हर्जनात कंदीलवाला वेगळ्या तऱ्हेनं मरे. एकात तो दगडाखाली जाऊन स्वतःहून उभा राही. एकात शिडीवर मध्येच थांबून राही, विस्मरण झालेल्या म्हाताऱ्यासारखा. एकात तर पहिल्या पावलालाच मागं वळे आणि खाणीबाहेर जायला बघे.

"हा शहाणा दिसतो," प्रभा मागून म्हणाली. ती पेपर तपासत होती. "अहो, मला एक सांगा. हा माणूस त्या खऱ्या व्हर्जनात दोन मजले एवढा सुंदर खेळतो, आणि तिसऱ्यावर अचानक बावळट का होतो?"

"व्हर्जन जुळत नसेल."

"जुळत नसतं तर पहिल्यापासून चुकला असता. पोरीचं गणित निम्म्यापर्यंत बरोबर असतं आणि पुढं भलतंच उत्तर येतं, तेव्हा पोरगी चुकलेली नसते. तिनं फळ्यावरून आकडाच वेगळा उतरवलेला असतो."

"कुठला आकडा?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी कंदील विझवायला आले नाही."

रविवारी जेवायला बसल्यावरही त्याच्या डोळ्यांपुढं तेच. नसलेलं वटवाघूळ चुकवायला खाली वाकलेला बुटका माणूस. जोतिराम उगीच वाकणारा नव्हे. त्याच्याकडे उजवीकडून वटवाघूळ आलं असणारच. मग तेच व्हर्जन, तीच पुसलेली मेमरी, आणि आपल्याकडे ते डावीकडून का येतं?

"किती भाकऱ्या केल्यास?" त्यानं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"चार."

"पाच दिसतात."

"पहिली गाईची आहे. ती कशाला मोजायची?"

वेणीमाधवनं हातातला तुकडा ताटात ठेवला. प्रभाला वाटलं, खडा लागला.

त्याला बिरप्पा आठवला होता. बिरप्पा सकाळी पार्लरचं शटर वर ढकलायचा, मशीनं चालू करायचा, देवीच्या फोटोला उदबत्ती लावायचा आणि प्रत्येक मशीनमध्ये स्वतःच्या हातानं पहिलं नाणं टाकायचा. मग दोन्ही हात जोडून उभा राहायचा. डाव सुरू व्हायचा आणि कुणीही हात लावायचा नाही. कंदीलवाला जागच्या जागी उभा राहून दगड खात मरायचा. तो डाव देवीचा. देवीचा डाव संपल्याशिवाय पोरांना आत सोडायचं नाही, आणि पोरांनाही त्यात काही विचित्र वाटायचं नाही. बोहनी झाल्याशिवाय दुकान सुरू होत नाही, तसं हे. जोतिरामनं नियमाप्रमाणे मेमरी पुसली असेल. कोरं करकरीत मशीन पुढं आलं असेल. आणि कोऱ्या मशीनवर तो सरळ आपलाच डाव कसा मांडेल? त्यानं आधी देवीचा डाव मरू दिला असणार, आणि मगच रेकॉर्डिंग सुरू केलं असणार. शपथ खोटी नव्हती. गाईची भाकरी कुणी मोजत नाही.

मशीन मात्र मोजतं. झालेला प्रत्येक डाव ते लक्षात ठेवतं, आणि पुढच्या डावात वटवाघूळ कुठून सोडायचं ते त्यावरून ठरवतं.

"अहो, काय झालं?"

त्यानं सांगितलं. प्रभानं शांतपणे ऐकलं आणि आमटीचं पातेलं पुढं सरकवलं.

"मग झालं तर. मेमरी कोरी नव्हती, म्हणजे नियमात बसत नाही. नाकारा आणि जेवा."

"अगं, पण तो खरं खेळलाय."

"खरं-खोटं तुम्ही कधीपासून बघायला लागलात? तुम्ही तर स्वल्पविराम बघता."

ती चेष्टा करत होती, पण त्या चेष्टेत एक सोयीचं दार होतं, आणि ते उघडं होतं. साहेबाला बिरप्पा माहीत नव्हता. नॉर्वेत गाईची भाकरी कुणी करत नसेल. प्रभा सोडली तर ही गोष्ट जगात दोघांनाच कळण्यासारखी होती, आणि त्यातल्या एकाला ती सांगण्यासारखी आहे असंच वाटत नव्हतं. वेणीमाधवनं गप्प बसायचं म्हटलं असतं तर त्याला खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं.

"बघू तरी," तो म्हणाला, आणि हात न धुताच उठला. मग परत येऊन धुतला.

त्यानं जुनं व्हर्जन उघडलं. मेमरी पुसली. नाण्याचं बटण दाबलं. डाव सुरू झाला आणि त्यानं कळफलकावरून हात काढला. कंदीलवाला उभा राहिला. दगड पडू लागले. काहीच न करता बघत राहणं किती कठीण असतं, हे त्याला नव्यानं कळलं. शेवटचा कंदील विझेपर्यंत आपण हात जोडून बसलोय, हे त्याला प्रभा हसल्यावर समजलं.

"आता प्रसाद काय वाटताय?" ती म्हणाली. पण तिनं खुर्ची ओढून घेतली.

त्यानं जोतिरामचं रेकॉर्डिंग लावलं. पहिला मजला. दुसरा. तिसऱ्यावर कंदीलवाला खाली वाकला, आणि उजवीकडून आलेलं वटवाघूळ त्याच्या डोक्यावरून सपकन निघून गेलं.

"अगंबाई!" प्रभा म्हणाली.

बाहेर ऊन टाचा टेकून उभं होतं, पंखा गरम हवा इकडची तिकडं करत होता, आणि करमाळ्यातला एक नळीविक्या सोलापुरातल्या त्यांच्या पुढच्या खोलीत अदृश्य बसून खेळत होता. मजल्यामागून मजला. मध्येच तो एका दगडाशेजारी उगीच दोनदा उडी मारे, निव्वळ खुशीनं. गुण नाहीत, फायदा नाही. वेणीमाधव इतकी वर्षं खेळला, पण असली एकही फुकट उडी त्यानं मारलेली नव्हती. मग तो मजला आला जिथं वेणीमाधवचा स्वतःचा विक्रम संपला होता. त्याच्या मते खाणीचा तो तळ होता. त्याखाली काही आहे, असं त्यानं कधी बघितलंच नव्हतं. जोतिरामचा कंदीलवाला क्षणभर थांबला, मागं झुकला, आणि खाली उतरला.

खाली काय होतं? खाली पहिलाच मजला होता. तीच शिडी, तेच दगड; फक्त भिंती निळ्याच्या तांबड्या झाल्या होत्या. खाण पुन्हा वरून सुरू झाली होती.

"एवढंच?" प्रभानं विचारलं.

"एवढंच," वेणीमाधव म्हणाला. "पण हे मी बघितलं नव्हतं."

रेकॉर्डिंग संपलं तेव्हा पडद्यावर जोतिरामनं कळवलेला स्कोअर होता, शेवटच्या शून्यापर्यंत तोच.

त्यानं फोन लावला.

"जोत्या, रेकॉर्डिंगच्या आधी देवीचा डाव खेळलास?"

"मग? बोहनी न करता सुरू करू व्हय?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कुटं? मेमरी पुसली का म्हनलास, पुसली म्हनलो."

"अरे, पण त्यानंतर एक डाव झाला ना!"

"त्यो डाव कुटं हाय? त्यो देवीचा हाय."

"मशीनला काय कळतंय ते?"

"मशीनला न्हाय कळलं तर राहू दे. तुला कळतंय न्हवं?"

वेणीमाधवनं शेवटचं हत्यार काढलं, कारण ते कायदेशीर होतं. "तू परत खेळ. मेमरी पूस आणि सरळ रेकॉर्डिंग सुरू कर. तुला काय अवघड आहे?"

"देवीचा न करता?"

"एकदाच."

"न्हाय बाबा," जोतिराम म्हणाला. रागानं नाही, पायातली चप्पल देवळात नेत नाहीत म्हणून सांगावं, तसं. "नंबर न्हाय दिला तरी चालंल. तू दोन मजले बघितलेस न्हवं?"

"पूर्ण बघितलं. तुझ्या वहिनीनं पण बघितलं."

"मग काय म्हनल्या वहिनी?"

"एवढंच का, म्हणाली."

जोतिराम इतका हसला की फोनच बंद पडला.

त्या दिवशी संध्याकाळी वेणीमाधव साहेबाला मेल लिहायला बसला. त्याला इंग्रजी नकला करता येत होत्या. इंग्रजीत स्वतःचं वाक्य त्यानं फारसं कधी केलं नव्हतं. 'बोहनी'ला शब्द सापडेना. प्रभानं एक सुचवला, तो दुकानदारीचा निघाला. त्यानं दुसरा लिहिला, तो चर्चचा निघाला. शेवटी त्यानं सरळ लिहिलं: रेकॉर्डिंगच्या आधी एक डाव देवीसाठी सुरू करून सोडून दिला गेला, तो कुणीही खेळलेला नाही, तसाच एक डाव मी इथं सोडून दिला आणि मग रेकॉर्डिंग शेवटपर्यंत जुळलं, अमुक व्हर्जन, अमुक कृती, कुणीही करून बघावं. त्याखाली त्यानं आणखी एक वाक्य घातलं, खोडलं, पुन्हा घातलं: या खेळात आतापर्यंत मी पहिला आहे, तेव्हा माझ्या शिफारशीकडे त्या नजरेनं बघावं.

"हे कशाला?" प्रभानं विचारलं.

"साहेबाला माहीत असावं."

"की जोतिरामभावजींना पहिला करण्यासाठी तुम्ही केवढा त्याग करताय, ते माहीत असावं?"

वेणीमाधवनं ते वाक्य तिसऱ्यांदा खोडलं, आणि प्रभा आत गेल्यावर परत घातलं.

साहेबाचं उत्तर दोन दिवसांनी आलं. त्यानं स्वतः करून बघितलं होतं. हात न लावता डाव मरू द्यायला आपल्याला फार जड गेलं, असंही त्यानं लिहिलं होतं. रेकॉर्डिंग जुळतंय, सुरुवात कशी करायची हे स्पष्ट आहे, तेव्हा हरकत नाही. यापुढं कंदीलवाल्यात दोन्ही तऱ्हेची सुरुवात मान्य राहील, एक कोरी आणि एक 'करमाळा'. मंजुरीचं बटण ऑफिसरनं दाबावं.

ते बटण हिरवं होतं. वेणीमाधवनं त्याच्यावर बाण नेला आणि नंतर पाणी प्यायला उठला. येऊन बसला. चष्मा पुसला. खिडकी लावली, कारण धूळ येत होती. धूळ येत नव्हती.

"अहो, दाबा की," प्रभा म्हणाली. "मी दाबू? माझा हात चांगला आहे, प्रश्न आला की मी 'हो' म्हणते."

त्यानं दाबलं. चक्र बराच वेळ फिरत राहिलं. मग पान उघडलं. पहिल्या ओळीत जोतिराम सरडे, दुसऱ्या ओळीत वेणीमाधव बोरामणीकर. दोघांची नावं एकाखाली एक बघायला तसं काही वाईट दिसत नव्हतं, असं तो स्वतःला सांगत होता आणि ते त्याला अजून पटायचं होतं. लग्नात आता काय सांगायचं, हाही प्रश्न होताच. 'मी जगात दुसरा' म्हटलं की लोक लगेच पहिल्याबद्दल विचारतात.

प्रभा त्याच्या खांद्यावरून वाकली आणि पडद्याच्या उजव्या टोकाला बोट ठेवलं. पहिल्या ओळीच्या शेवटी, जोतिरामच्या स्कोअरपुढं, मुंगीएवढ्या अक्षरात पडताळणी करणाऱ्याचं नाव होतं.

"पहिल्या ओळीत आहातच की अजून," ती म्हणाली. "फक्त अक्षर बारीक झालंय."

ती आत गेली. वेणीमाधवनं इकडं तिकडं बघितलं आणि पान मोठं केलं. आपलं नाव वाचता येईपर्यंत मोठं करत गेला, तेव्हा जोतिरामचं नाव डावीकडून पडद्याबाहेर गेलं. त्या मोठ्या अक्षरांकडे त्यानं पोटभर बघून घेतलं. मग त्याला आपलीच लाज वाटली, आणि त्यानं पान पुन्हा होतं तेवढं केलं.